गिटार मांडी घालून बसली तेव्हा...



अर्जुनी-मोरगावहून आठवीतल्या एका मित्राचं पत्र आलंय. पत्र कसलं, तक्रारच आहे! तो लिहितो, "आमचे आजोबा भजनी मंडळात पेटी वाजवतात. दिवाळीनंतर मंडईत नाटक असलं की तिथूनही त्यांना बोलावणं येतं. मला मात्र गिटार शिकायची आहे. आजोबा म्हणतात, गिटार आपलं वाद्य नव्हे, तिच्यावर राग वाजत नाही, त्यापेक्षा पेटी शीक. बाबा म्हणतात, आधी दहावी होऊ दे. काका, खरंच का हो गिटारवर राग वाजत नाही?"

वा! प्रश्न मोठा झकास आहे. आणि खरं सांगू का? आजोबांचं निम्मं म्हणणं अगदी बरोबर आहे. उरलेलं निम्मं मात्र एका माणसानं खोटं करून दाखवलं. कसं, ते आज पाहू.

आधी आजोबांची बाजू. गिटारची दांडी तुम्ही जवळून पाहिली आहे का? तिच्यावर आडव्या बारीक धातूच्या पट्ट्या ठोकलेल्या असतात. त्यांना म्हणायचं फ्रेट, म्हणजे आपल्या सतारीचे पडदेच. तार फ्रेटच्या मागे दाबली की तिची वाजणारी लांबी कमी होते आणि सूर चढतो. प्रत्येक फ्रेटला लांबी साधारण अठराव्या हिश्श्याने घटते. असं करत करत बाराव्या फ्रेटवर पोचलात की तार बरोबर अर्धी उरते आणि खालचा सा वरचा सा होतो. म्हणजे सा ते वरचा सा या प्रवासात बारा पायऱ्या. पेटीच्या पांढऱ्या-काळ्या पट्ट्या मोजा, तिथेही तेच गणित!

आता आपलं गाणं कसं असतं? ते पायऱ्या चढत नाही, ते घसरगुंडीवरून येतं! ग वरून प वर जाताना गवई मधली सगळी वाट दाखवत, न तुटता जातो. हिला म्हणतात मींड. सूर हलवत, झुलवत म्हणायचा तो आंदोलित. रागाचा जीव पुष्कळदा या मधल्या जागांतच असतो. आणि गिटारवर तर पायऱ्या पक्क्या ठोकलेल्या. ही झाली पहिली अडचण.

दुसरी अडचण याहून गमतीची आहे. गिटार शिकायला गेलात की पहिल्या महिन्यात तीन कॉर्ड शिकवतात. कॉर्ड म्हणजे तीन-चार सूर एकदम वाजवणं. सगळ्यात प्रसिद्ध तीन म्हणजे सी, एफ आणि जी. आता तुम्हाला शाळेत शिकवलेला भूप आठवा : सा रे ग प ध. त्यात म नाही, नी नाही. सी हा सा धरून एफचा कॉर्ड वाजवला तर त्यात सूर येतात म, ध आणि सा. झाली ना पंचाईत? म घुसलाच! जी वाजवला तर प, नी आणि रे. आता नीसुद्धा आला! म्हणजे तुम्ही तोंडानं कितीही शुद्ध भूप म्हणा, गिटार मागून भूप मोडतेच आहे. आजोबांच्या कानाला हे टोचतं आणि टोचायलाच हवं. त्यांचा कान तयार आहे म्हणून टोचतं!

पण आता आजोबांना एक नम्र प्रश्न. पेटी तरी आपली आहे का हो?

हार्मोनियमचं पेटंट 1840च्या सुमारास फ्रान्समधल्या अलेक्झांडर देबँ या कारागिरानं घेतलं. ती पायानं भाता मारायची पेटी होती. पुढे 1875च्या सुमारास कोलकात्याच्या द्वारकानाथ घोष यांनी हातानं भाता मारायची, जमिनीवर बसून वाजवता येईल अशी पेटी बनवली. तिथून ती महाराष्ट्रात आली आणि गोविंदराव टेंबे यांच्यासारख्यांनी तिला मानाची जागा मिळवून दिली. 1911 सालच्या 'संगीत मानापमान' या नाटकाच्या चाली याच टेंब्यांच्या. मग कीर्तन, भजन, नाटक, सगळीकडे पेटी आली. आज आपल्या झाडीपट्टीत, म्हणजे भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर या पट्ट्यात, पेटीच्या साथीशिवाय भजन रंगतच नाही. तिच्यावरही मींड निघत नाही, बरं का! या आणि अशाच कारणांनी 1940 साली ऑल इंडिया रेडिओनं पेटीला चक्क बंदी केली, आणि ती तीसेक वर्षं टिकली. तरीही पेटी राहिली. कारण वाजवणाऱ्यांनी वर्षानुवर्षं मेहनत केली, गळ्याच्या मागे सावलीसारखं जायला बोटांना शिकवलं.

तसंच व्हायोलिनचं. ते युरोपातून आलं. सुमारे दोनशे वर्षांपूर्वी बालुस्वामी दीक्षितर यांनी ते कर्नाटक संगीतात आणलं, आणि आज दक्षिणेत गायकाच्या साथीला व्हायोलिन नसेल तर मैफल अपुरी वाटते. तेव्हा दोस्तांनो, वाद्य कुठे जन्मलं याला फारसं महत्त्व नाही. कुणी त्याच्यासाठी किती घाम गाळला, त्यावर सगळं ठरतं.

आता गिटारसाठी घाम कुणी गाळला? ही गोष्ट जॅझच्या वाटेनं जाते, म्हणून आधी जॅझ म्हणजे काय ते दोन शब्दांत सांगतो. आफ्रिकेतून गुलाम म्हणून अमेरिकेत नेलेल्या लोकांच्या नातवंडा-पतवंडांनी, साधारण सव्वाशे वर्षांपूर्वी, न्यू ऑर्लिन्स शहरात हे संगीत घडवलं. जॅझमध्ये आधी सगळे मिळून एक चाल वाजवतात. मग एकेक वादक त्या चालीच्या आधारानं ऐन वेळी सुचेल ते वाजवतो आणि शेवटी सगळे पुन्हा मूळ चालीवर येतात. ओळखीचं वाटतं ना? आपला गवई बंदिशीचा मुखडा घेतो, ताना घेतो आणि फिरून समेवर येतो, तसंच! जॅझवाले कधी कधी ठरावीक खंडांत आलटून-पालटून वाजवतात. आपण त्याला काय म्हणू? सवाल-जवाब!

फरक एकच, पण मोठा. आपल्याकडे तंबोऱ्यावर सा अखंड चालू असतो, घराच्या मुख्य खांबासारखा. जॅझमध्ये कॉर्ड बदलत राहतात, म्हणजे खांबच हलत असतात! त्या हलत्या खांबांवर तोल सांभाळण्यात जॅझवाल्याची कमाल.

हे जॅझ आपल्या मुंबईत फार जुनं आहे. 1935 साली लिऑन ॲबी यांचा अमेरिकन बँड ताजमहाल हॉटेलात वाजवायला आला. गोव्यातल्या चर्चच्या शाळांत नोटेशन शिकून मुंबईत आलेल्या वादकांनी ते संगीत आत्मसात केलं. त्यांतले ट्रंपेटवाले चिक चॉकलेट, खरं नाव आंतोनियो झेवियर वाझ, हे आपल्या पुणतांब्याच्या सी. रामचंद्र यांचे साहाय्यक होते. 1951चा 'अलबेला' हा सिनेमा आजी-आजोबांना विचारा. त्यातल्या गाण्यांवर ते आजही ठेका धरतील. म्हणजे 'जॅझ' हा शब्द माहीत नसतानाही जॅझ आपल्या घरात येऊन बसलं होतं!

मुंबईतच 1936 साली एका गोवेकर कुटुंबात आमान्सियो डिसिल्वा जन्मले. हे जॅझ गिटारवादक. 1967 साली ते लंडनला गेले आणि 1969 साली जो हॅरियट या सॅक्सोफोनवादकाबरोबर त्यांनी एक तबकडी काढली. नाव काय, तर 'हम दोनो'! त्यांच्या वाजवण्यात भारतीय सुरावटी ऐकू येतात. पण त्यांची गिटार विजेवर चालणारी होती. साध्या लाकडी गिटारचा प्रश्न अजून सुटायचा होता.

तो सोडवायला बसला इंग्लंडमधला जॉन मॅक्लॉफलिन. जन्म 1942 चा, यॉर्कशरमधल्या डॉनकॅस्टर गावचा. आई व्हायोलिन वाजवायची. अकराव्या वर्षी त्याच्या हाती गिटार आली. मोठा झाल्यावर अमेरिकेत गेला, माइल्स डेव्हिससारख्या थोर जॅझ वादकाबरोबर वाजवलं, स्वतःचा बँड काढला, विजेच्या गिटारच्या दणदणाटानं नाव कमावलं. इतकं झाल्यावर कुणीही म्हटलं असतं, आता शिकायचं काय राहिलंय? पण हा गडी पुन्हा विद्यार्थी झाला! अमेरिकेतल्या वेस्लियन विद्यापीठात डॉ. एस. रामनाथन यांच्याकडे तो वीणा शिकायला लागला. नावाजलेला वादक, आणि नव्या वाद्यावर पुन्हा 'सा रे ग म'!

वीणा शिकताना एक गोष्ट त्याच्या बोटांना कळली. वीणेलाही पडदे असतात, सतारीलाही असतात. मग त्यांवर मींड कशी निघते? तार पडद्यावर दाबून बाजूला ओढली की ताण वाढतो आणि सूर चढत जातो. पायऱ्या असल्या तरी घसरगुंडी करता येते! सतारीचे पडदे कमानीसारखे उंच असतात, त्यामुळे ओढायला जागा मिळते. गिटारमध्ये मात्र बोट लगेच लाकडाला टेकतं.

मग त्यानं काय केलं? गिब्सन कंपनीतले कारागीर अब्राहम वेक्टर यांच्याकडून एक खास गिटार बनवून घेतली. तिच्या दोन फ्रेटमधलं लाकूड कोरून खोलगट केलं होतं, अगदी पळसाच्या पानाच्या द्रोणासारखं. बोट लाकडाला न टेकता तार हवी तेवढी दाबता-ओढता येऊ लागली. शिवाय तिच्या पोटावरच्या गोल भोकावरून, मुख्य तारांच्या खालून, तिरप्या सात जादा तारा बसवल्या. या तारा सतारीच्या तरफेसारख्या. त्यांच्या सुराशी जुळणारा सूर वाजला की त्या आपोआप गुणगुणतात, आणि त्यांवरून बोट फिरवलं तर तंबोऱ्याची आठवण येते. म्हणजे मुख्य खांबही आला!

आता साथीदार पाहा. तबल्यावर मुंबईचे झाकीर हुसेन, उस्ताद अल्लारखाँ यांचे चिरंजीव, जन्म 1951 चा. व्हायोलिनवर एल. शंकर, घटमवर विक्कू विनायकराम, मृदंगमवर रामनाड राघवन. घटम म्हणजे मातीचं मडकं बरं का, पण सुरात भाजलेलं! उत्तरेचा तबला आणि दक्षिणेचं घटम एकाच बैठकीत, हेही तेव्हा फार नवं होतं. या संचाचं नाव 'शक्ती'. 5 जुलै 1975 रोजी अमेरिकेत लाँग आयलंडवरच्या साउथॅम्प्टन कॉलेजात त्यांचा कार्यक्रम झाला, तीच त्यांची पहिली तबकडी. सगळे बैठकीवर, आणि त्यांच्यात मांडी घालून बसलेली गिटार!

तिथे मॅक्लॉफलिन कॉर्डचा मारा करत नाही. तो मुख्यतः एकेक सूर वाजवतो, गायल्यासारखा. तबला आणि गिटार यांचे सवाल-जवाब होतात, ते इतके वेगवान की ऐकताना आपणच श्वास घ्यायला विसरतो. पण मधूनच एखादा कॉर्ड असा येतो की तो फक्त जॅझवाल्यालाच सुचावा. इथेच खरी मेख आहे, मित्रांनो. गिटारच्या मागे तबला वाजवला की झालं भारतीय जॅझ, असं नसतं. तो आपलं जॅझ विसरला नाही आणि झाकीरभाई आपला ताल विसरले नाहीत. फक्त दोघांनी एकमेकांची भाषा शिकून घेतली होती, तीही व्याकरणासकट.

'शक्ती' पहिल्यांदा 1978 पर्यंत चालली. त्याच वर्षी निरंजन झवेरी यांच्या पुढाकारानं मुंबईत 'जॅझ यात्रा' हा महोत्सव सुरू झाला आणि जगभरचे वादक इथे येऊ लागले. 1997 पासून जॉन आणि झाकीर 'रिमेंबर शक्ती' या नावानं पुन्हा एकत्र आले. या खेपेस मँडोलिनवर यू. श्रीनिवास आणि तालवाद्यांवर सेल्वगणेश, म्हणजे विक्कू विनायकराम यांचा मुलगा. पुढे गायला आले शंकर महादेवन. हे चेंबूरचे, आणि आपल्या श्रीनिवास खळेकाकांचे शिष्य! 2015 सालच्या 'कट्यार काळजात घुसली' या सिनेमात पंडितजी झालेले तेच. 2001 साली निघालेली त्यांची 'सॅटरडे नाइट इन बॉम्बे' ही ध्वनिमुद्रिका तर मुंबईतल्या मैफलीचीच. 2023 साली 'धिस मोमेंट' निघाली आणि फेब्रुवारी 2024 मध्ये तिला ग्रॅमी पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी 15 डिसेंबरला झाकीरभाई गेले. तबला पोरका झाला, असं पुष्कळांना वाटलं. पण वाट तयार झाली आहे.

ती वाट एकच नाही हेही सांगायला हवं. ब्रिजभूषण काबरा यांनी फ्रेटचा प्रश्न वेगळ्याच युक्तीनं सोडवला. तारा दाबायच्याच नाहीत, त्यांवरून धातूचा गुळगुळीत तुकडा सरकवायचा! मग पायऱ्या उरतातच कुठे? 1967 सालच्या 'कॉल ऑफ द व्हॅली'मध्ये शिवकुमार शर्मांचं संतूर आणि हरिप्रसाद चौरसियांची बासरी यांच्या जोडीला काबरांची गिटार आहे. ते जॅझ नव्हे, ते शुद्ध रागसंगीत. आणि पुढच्या पिढीत कराचीत जन्मलेला, अमेरिकेत वाढलेला रेझ अब्बासी हा जॅझ गिटारवादक. त्यानं 2010 साली 'नॅचरल सिलेक्शन' ही ध्वनिमुद्रिका आपल्या लाकडी गिटारच्या चौकडीसह काढली. प्रत्येकाची युक्ती निराळी, पण आधी शिकणं सगळ्यांनाच चुकलं नाही.

तर अर्जुनी-मोरगावच्या मित्रा, उत्तर असं आहे : गिटारवर राग आपोआप वाजत नाही. वाजवावा लागतो. आणि त्यासाठी तुला जो कान लागेल तो घडवणारा माणूस तुझ्या घरातच बसला आहे! आजोबांना सांग, "मी गिटार शिकतो, पण रोज संध्याकाळी तुमच्या पेटीवर माझा भूप तपासून द्यायचा." बघ ते नाही म्हणतात का!

आता थोडं करून पाहा.

पहिला प्रयोग, गिटार नसलेल्यांसाठी. कंपासपेटी उघडून तिच्यावर रबर ताणून चढवा आणि छेडा. छेडता छेडता रबर कडेपाशी हळूच ओढा. सूर चढला? हीच मींडेची युक्ती. आता घरात किंवा देवळात पेटी असेल तर ग वरून प वर जा, आणि मग तेच तोंडानं न तोडता म्हणा. फरक कानात साठवा.

दुसरा, गिटार असलेल्यांसाठी. जाडीत दुसऱ्या नंबरची तार घ्या. ती मोकळी वाजवली की सा. आता त्याच तारेवर दुसरा फ्रेट रे, चौथा ग, सातवा प, नववा ध आणि बारावा वरचा सा. झाला भूप! एकाच तारेवर वाजवा, सावकाश, बोट तारेवरून न उचलता सरकवत.

तिसरा प्रयोग जादूचा. गिटार नीट सुरात लावून घ्या. त्याच दुसऱ्या जाड तारेवर कागदाचा चिमुकला तुकडा घडी घालून बसवा. आता सगळ्यात जाड तार पाचव्या फ्रेटवर दाबून छेडा. कागद थरथरेल, कदाचित उडीही मारेल! त्या तारेला तुम्ही हातही लावलेला नाही. दोन्ही तारांचा सूर एक झाला म्हणून ती आपोआप बोलली. तरफेच्या तारा अशाच बोलतात.

आई-बाबांसाठीही दोन शब्द. गिटार लगेच महागडी घेऊ नका. लहान हातांना लहान मापाची, मऊ नायलॉनच्या तारांची पुरते. पहिला महिनाभर बोटं दुखतील, तेव्हा पोर कंटाळलं असं समजू नका. रोज वीस मिनिटं पुरेत. तेवढ्यानं दहावी अडत नाही. शिकवणारे कॉर्ड शिकवतील, ते शिकू द्या. पण सोबत गळ्यानं सा लावायची सवयही राहू द्या. जवळ गिटारचे सर नसतील तर भजनी मंडळात टाळ धरून बसवा. ताल तिथे फुकट मिळतो, आणि पुढे तो कुठल्याही वाद्याला उपयोगी पडतो.

कागदाचा तुकडा कुणाकुणाचा उडाला ते मला जरूर कळवा. आणि हो, आजोबा काय म्हणाले तेही!

पुढच्या आठवड्यात मडकं सुरात कसं भाजतात ते पाहू. तोवर अच्छा!